डाव्या चाकाची कळ

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, आणि आता नुसता उभा असतो. पत्र्याच्या शेडखाली, पुढची चाके जराशी तिरकी, काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. मोठ्या ट्रकांच्या मानाने मी बुटकाच. पण इंजिनाची ओढ माझ्या चारही चाकांना पोचते. जिथे डांबर संपते तिथे इतर गाड्या तोंड फिरवतात आणि माझे काम सुरू होते. होत असे, म्हणायला हवे.

एका मोठ्या कारखान्यात शेकडो हातांनी मला जोडले. त्यांतला एकही हात मला आठवत नाही. आठवतात ते चारच. दोन माझ्या मालकांचे आणि दोन त्यांच्या बायकोचे. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवरचे लोक त्यांना दादा आणि वहिनी म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्या वस्त्यांना पीठ, रॉकेल, औषधे आणि शाळेच्या वह्या पोचवणे हे आमचे काम होते. परतताना कुणी आजारी माणूस असला तर त्याला खाली आणायचे. दादा चालवत, वहिनी शेजारी बसत. त्यांच्या सीटवर जुन्या पडद्याच्या कापडाची एक चपटी उशी होती, त्यांनीच शिवलेली.

वहिनींचा एक नेम होता. निघण्यापूर्वी त्या माझ्या बॉनेटवर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, “वाटेवरच्या सगळ्यांना घरी पोचव.” सगळ्यांना, असे म्हणत. फक्त आम्हाला, असे कधी म्हणाल्या नाहीत. अंगात ताप असला तरी नेम चुकला नाही. हिवाळ्यात माझा पत्रा बर्फासारखा गार असे, आणि तो हात उचलला गेल्यावरही तेवढी जागा बराच वेळ ऊबदार राहत असे.

आता माझ्या पुढच्या चाकांची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचे तुम्हाला कळणार नाही. प्रत्येक चाकाच्या मधोमध मुठीएवढी एक कळ आहे. ती एका बाजूला पूर्ण फिरवली की चाक इंजिनाला जोडले जाते. उलट फिरवली की ते मोकळे होते आणि नुसते घरंगळते. डांबरावर मोकळे ठेवायचे, दगडधोंड्यांत जोडायचे. सीटवर बसून हे होत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते, चिखल असला तर चिखलात.

डांबर संपते तिथे एक वाकलेला खांब होता. तिथे दादा मला थांबवत. ते उजवीकडून उतरत, वहिनी डावीकडून. दोघे आपापल्या चाकापाशी वाकत.

“झालं?” दादा विचारत.

“झालं,” वहिनी म्हणत.

मग दोन्ही दारे एकदम लागत. परतताना त्याच खांबापाशी पुन्हा तेच. अशी सव्वीस वर्षे. एवढ्या वर्षांत दादांनी डावी कळ कधी फिरवली नाही आणि वहिनींनी उजवी. कुणी तसे ठरवले नव्हते. जेवायला बसताना आपापली जागा ठरून जाते ना, तसे ते ठरून गेले होते.

“अहो, एकदा माझ्या बाजूला येऊन बघा तरी,” वहिनी एकदा म्हणाल्या. “इकडे नेमका पाण्याचा खड्डाच असतो.”

“मग मी तिथे थांबवतो कशाला? तुझे पाय धुऊन निघावेत म्हणून.”

“बरं बरं. उद्या मीच चालवते, मग बघू कुणाचे पाय धुऊन निघतात.”

दादा हसले. त्या बाजूला मात्र आले नाहीत.

शेवटच्या वर्षी वहिनी बदलल्या. वाकून उठताना त्या माझ्या मडगार्डाला धरू लागल्या. आधी बोटांनी, मग पंजाने, मग सगळा भार टाकून. तो भार मला कळत होता, मित्रांनो. त्यांचे “झालं” उशिरा येऊ लागले आणि दर फेरीला बारीक होत गेले. दादा स्टिअरिंगवर बोटे वाजवत म्हणत, “चल गं, ऊन चढतंय.” ते वाईट नव्हते. त्यांना माझ्यातला सैल झालेला एक नटसुद्धा ऐकू येत असे. पण वहिनी “काही नाही हो, दमले जरा,” म्हणाल्या की ते खरे मानत.

एका फेरीहून परतताना आम्ही खांबापाशी थांबलो. वहिनी वाकल्या, कळ फिरवू लागल्या, आणि अर्ध्यात त्यांचा हात थांबला. त्यांनी कपाळ माझ्या टायरला टेकवले. थोड्या वेळाने मडगार्डाला धरून त्या उठल्या.

“झालं?”

“झालं.”

ते झाले नव्हते. मला माहीत होते. पण मला बोलता कुठे येते? वहिनींनी झाले म्हटले, की दादांनी आजवर कधी जाऊन पाहिले नव्हते. त्या दिवशीही पाहिले नाही.

अकराव्या दिवशी रुग्णालयात वहिनी गेल्या.

महिन्याने दादा एकटेच मला घेऊन निघाले. बॉनेटवर कुणी हात ठेवला नाही. खांबापाशी ते उतरले, त्यांनी उजवी कळ फिरवली आणि दार धरून काही क्षण उभे राहिले. कुणी काही म्हणाले नाही. मग ते चढले. नदीचे कोरडे पात्र लागले, त्यांनी चारही चाकांना ओढ देणारा दांडा ओढला, आणि माझ्या पोटाखालून आवाज निघाला. खर्रर्र. जणू कुणी लोखंडी कढई दगडावर ओढत होते.

त्या दिवसापासून तो आवाज गेला नाही. डांबरावर तो जवळजवळ नसे, दगडांत आला की सुरू होई. चढावर पुढून ओढच लागत नसे. ब्रेकच्या पत्र्यात खडा अडकला असेल म्हणून दादांनी उजवीकडून माझ्याखाली आडवे पडून पाहिले. खडा नव्हता. घराजवळच्या मिस्त्रीने मला बाजारातून दोन चकरा मारून आणले आणि म्हणाला, “आवाज गाडीत नाही दादा, तुमच्या डोक्यात आहे.” दुसऱ्याने गिअरबॉक्स उतरवला, तिसऱ्याने लांब शाफ्टचे सांधे बदलले, चौथ्याने तेल. पाच महिन्यांत माझे पोट दोनदा उघडले. कळीवर चिखल वाळून बसला होता. सव्वीस वर्षे मला चालवणाऱ्या माणसाला, बाबा रे, कळ फिरवलीस का, असे कोण विचारणार?

मग दादांची लेक आली. आईसारखीच बोलणारी, हळू आणि सरळ.

“बाबा, एखाद्या दिवशी नदीत बंद पडेल हा. तिथे तुम्ही एकटे. मी भंगारवाल्याला रविवारी बोलावलंय.”

“रविवारी?”

“मग काय करू? मला एकच उरलंय माणूस.”

 दादा माझ्यात चढले आणि शेजारच्या सीटवरची उशी हाताने सारखी करत राहिले. घरातल्या वहिनींच्या वस्तू नातेवाइकांनी आवरून नेल्या होत्या. त्यांची बसायची जागा म्हणून आता एवढीच उरली होती, आणि ती रविवारी कापली जाणार होती.

शनिवारी दादा एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आले. त्यांना सगळे कानवाले मिस्त्री म्हणत, कारण ते हत्यार उचलण्याआधी कान लावत.

“आवाज जिथे येतो तिथेच मला न्या,” ते म्हणाले. “दुकानात उभं करून पोटदुखी कळते होय?”

ते शेजारच्या दाराशी गेले. दादा एकदम म्हणाले, “मागे बसता का?”

“मागे बसून काय ऐकू? पिठाची पोती?”

दादांनी उशी उचलून मांडीवर घेतली. मिस्त्री बसले.

वाटेत ते बोलत राहिले. “माझी बायको म्हणते, तुम्हाला बेअरिंगचं बोलणं ऐकू येतं, माझं नाही. म्हटलं, बेअरिंग खोटं बोलत नाही.” ते स्वतःच हसले. दादा हसले नाहीत.

खांबापाशी दादा उतरले, वाकले, उठले, थांबले, चढले. मिस्त्रींनी ते पाहून ठेवले. नदीच्या पात्रात खर्रर्र सुरू झाले. मिस्त्री खाली उतरले. “इंजिन बंद करून उतारावर सोडा.” आवाज नाही. “आता दांडा ओढून हळू चालवा.” आवाज आला. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून, मध्ये मध्ये मला थांबवून, ते माझ्या बाजूने चालू लागले. मागचे उजवे चाक, मागचे डावे, मग पुढचे डावे. तिथे त्यांनी हात वर केला.

दादा खाली आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला आले.

मिस्त्रींनी अंगठ्याने वाळलेला चिखल खरवडला. खालची खूण दिसली, धड इकडे ना तिकडे.

“ही कळ अर्ध्यात आहे, दादा. आतले दात पुरते अडकत नाहीत आणि पुरते सुटतही नाहीत. ओढ आली की एकमेकांवर घसरतात. शेवटची कुणी फिरवली?”

दादा त्या खुणेपाशी वाकले.

“ती बाजू तिची होती,” ते म्हणाले. “तिनं झालं म्हटलं होतं.”

“म्हटलं असेल. हातात जोर राहिला नसेल.”

मिस्त्रींनी पक्कड पुढे केली. “नको,” दादा म्हणाले. “थांबा जरा.”

ते दगडांतच खाली बसले. कळीवर त्यांनी हात ठेवला, पण फिरवली नाही. फिरवली तर वहिनींनी शेवटचे केलेले काम पुसले जाणार होते. नाही फिरवली तर उद्या भंगारवाला येणार होता.

“याच्या खरखरीला मी पाच जण बोलावले, मिस्त्री,” ते म्हणाले. “तिचा आवाज वर्षभर बारीक होत होता. तो ऐकायला मी एकटाच होतो.”

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि ते पाठमोरे उभे राहिले.

दादांनी दोन्ही हातांनी कळ धरली. ती हलेना. त्यांनी कपाळ टायरला टेकवले, वहिनींनी टेकवले होते तिथेच, हे त्यांना कुठे ठाऊक? मग जोर लावला. आत कट् असे वाजले.

“झालं,” ते म्हणाले, आणि सवयीने उत्तरासाठी थांबले.

आवाज गेला. पलीकडचा चढ मी एका दमात चढलो. परतताना मिस्त्री एवढेच म्हणाले, “मला दुकानापाशी नको, घरीच सोडा. सकाळी बायको काहीतरी सांगत होती.” रविवारी भंगारवाला आला तसा रिकामा गेला.

त्यानंतर दोन वर्षे दादा मला घेऊन जात राहिले. खांबापाशी उजवीकडे वाकत, मग वळसा घालून डावीकडे. दोन्हीकडे “झालं” म्हणत, डावीकडचे जरा हळू. निघण्यापूर्वी बॉनेटवर हात ठेवून वहिनींचे शब्द म्हणत. पुढे त्यांचे गुडघे गेले, आणि मागच्या वर्षी दादाही गेले. लेकीने मला विकले नाही. ती उशी अजून सीटवर आहे.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, त्याची गंजलेली कळ वेळेवर फिरवा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात रोज पलीकडच्या बाजूला कुणीतरी वाकत असते आणि “झालं” म्हणत असते. त्या शब्दावर दार ओढून घेऊ नका. एकदा खाली उतरून त्या बाजूला जाऊन या.

माझ्या दोन्ही कळा आता पूर्ण मोकळ्या आहेत. कुठेही खरखर नाही. जो येतो तो म्हणतो, जुना असून किती नीट ठेवलाय. मला मात्र ते पाच महिने आठवतात. कळ अर्धी होती तोवर वहिनींचा हात तिच्यावरून पुरता निघाला नव्हता.