एका घरातल्या दोन मनकर्णा

चव्वेचाळिसाव्या वर्षी एमबीएचा फॉर्म भरणाऱ्या बाईनं घाबरावं कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं! ज्योत्स्नानं सकाळपासून पिशवीतले कागद चारदा मोजले होते. पतसंस्थेत वीस वर्षं खपली, आणि तिनंच काम शिकवलेले दोघं एमबीएच्या जोरावर तिचे साहेब झाले. मग तिनं गुपचूप सीईटी दिली, पास झाली, आणि आज मीटिंगची थाप मारून बडनेऱ्याहून अमरावतीच्या कॉलेजात कागद तपासून घ्यायला आली. सासूला कळलं तर धडगत नव्हती. नवरा किशोरसुद्धा आईसमोर चहा मागताना आवाज खाली करायचा.

प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकून पायलनं कागद उलटसुलट केले. "अकोल्याच्या बी.कॉम.वर मनकर्णा गावंडे आहे. तुम्ही तर ज्योत्स्ना."

"लग्नात नाव बदललं."

"पुरावा?"

लग्नाची नोंदणी केली होती कुणी! ज्योत्स्नानं रेशनकार्ड पुढं केलं. पायलनं त्यावर बोट ठेवलं. "मनकर्णाबाई, वय चौऱ्याहत्तर. मॅडम, सासूची डिग्री आणली काय?"

मागं रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. ज्योत्स्नानं घाईनं रेशनकार्ड मागं ओढलं. दुसरीचे कागद दाखवले म्हणून पोलीस बोलावले तर? नोकरी गेली तर? सासूचंही नाव मनकर्णाच, आणि नवऱ्यानं बायकोला आईच्या नावानं हाक कशी मारायची, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं. हे आता कुणाला पटवायचं?

"पाचच्या आत घरच्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा, नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट पंधरा दिवसांत. नाहीतर सीट पुढच्याला," पायल म्हणाली.

किशोर रेल्वेत ड्यूटीवर, त्याचा फोन लागेना. माहेरी बार्शीटाकळीला कुणी उरलं नव्हतं. राहिली एकच. ज्योत्स्नानं तीनदा नंबर काढला, तीनदा फोन पर्समध्ये टाकला. चौथ्यांदा लावला आणि खरं ते सगळं सांगून टाकलं.

"कोणत्या कॉलेजात?" एवढंच विचारून सासूनं फोन ठेवला.

तासभर ज्योत्स्ना कॉलेजच्या फाटकाशी उभी होती. देवा, ही येऊन चारचौघांत काय बोलेल, याचीच तिला धास्ती. म्हातारी ऑटोतून उतरली, सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि थेट फाटकाजवळच्या नोटरीच्या टेबलाशी जाऊन बसली.

"लिवा. मनकर्णा हे नाव इचंच हाये. घरात दोन मनकर्णा नोको म्हणून म्याच काढून घेतलं. इले कोणी इचारलंबी नाही."

चौथी शिकलेल्या म्हातारीनं एकेक अक्षर लावत सही केली.

पायलनं शिक्का मारला तेव्हा पाचाला बारा मिनिटं होती. सुटलो बाई, असं ज्योत्स्नाला वाटलं. फाटकाबाहेर म्हातारी थांबली.

"खोटं बोलून आली, ते घरी पायतो. पण ध्यानात ठेव, आता डिग्रीवरलं आपल्या दोघीचं नाव घेऊन वर्गात बसशीन. नापास झाली तं लोकं मले हसतीन."