उसना दिलेला भाऊ

शिडी किती उंच होता यावरून गल्लीत दोन पक्ष होते, आणि दोन्ही पक्ष धडधडीत खोटं बोलत. एका पक्षाचं म्हणणं, तो रस्त्यात उभा राहून वरच्या मजल्याच्या खिडकीतून चहा घ्यायचा आणि रिकामा कप तिथंच परत ठेवायचा. दुसरा पक्ष यावर हसायचा. चहा कसला घेऊन बसलात, छपरावरची सरकलेली कौलं तो जमिनीवरून नीट बसवायचा, तीही वाकून! सलूनवाला या दुसऱ्या पक्षाचा पुढारी. शिडीची दाढी करायला माझ्या बापाला बाल्कनीत उभं राहावं लागे, असं तो गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून सांगायचा. गळ्याशी वस्तरा असला की माणूस सहसा वाद घालत नाही, त्यामुळे ही गोष्ट गल्लीत लवकर रुजली.

शिडीचा धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांवरची नावं तो शिडी न लावता रंगवायचा, म्हणून त्यालाच ते नाव पडलं. त्याला जाऊन इतकी वर्षं लोटली होती की त्याला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पण त्याची उंची काही थांबायला तयार नव्हती. दरवर्षी वीतभर तरी वाढायचीच.

खरी उंची ठाऊक होती ती एकट्या त्याच्या धाकट्या बहिणीला. तिला लहानथोर सगळे आत्या म्हणत. आत्या जोडे शिवायची, बापाच्या दुकानात, बापाच्याच स्टुलावर बसून. मागच्या फळ्यांवर कलबुतं लावलेली. ज्याच्यावर चामडं ताणून जोडा शिवतात ते लाकडी पाय. सगळ्यांत वरच्या फळीवर एक मोठी जोडी होती, शिडीच्या मापाची. तिच्यातल्या उजव्या पायाच्या करंगळीशी चामड्याचा तुकडा ठोकलेला. लहानपणी त्या करंगळीवरून हातगाडीचं चाक गेलं आणि ती कायमची बाहेर वळली. तिथं जोडा सैल ठेवला नाही तर शिडी दिवसभर लंगडायचा.

उंच तो होताच. दारातून आत येताना मान वाकवावी लागायची, आणि विसरला की चौकट आठवण करून द्यायची. पण कौलं वगैरे काही नाही. उलट चारचौघांत गेला की तो आधी बसायला जागा शोधायचा. "बसलो की मी माणसांत येतो गं," असं बहिणीला म्हणायचा. लोक मान वर करून बघायला लागले की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. हे सगळं आत्या सांगू शकली असती. पण तिच्या ओठांत कायम मेण लावलेला दोरा धरलेला असायचा, आणि ते तिला सोयीचंच होतं.

शिडी वारला तो विद्यापीठाच्या इस्पितळात, छातीच्या दुखण्यानं. त्याला नेलं तेव्हा आत्याच्या मांडीवर त्याचेच जोडे होते, एक झालेला, दुसऱ्याला तळ लावायचा राहिलेला. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आईपाशी आले. बरोबर चार-पाच पांढरे कोट. एवढी उंची अभ्यासायला मिळत नाही, मुलाला थोडे दिवस आमच्याकडे राहू द्याल का, असं त्यांनी फार गोड शब्दांत विचारलं. आई खाटेपाशी उभी, समोर पांढऱ्या कोटांची भिंत. नाही म्हणायला तोंड उघडेल एवढी जागाच तिथं नव्हती. आई म्हणाली, "तुमचं काम झालं की द्या."

हे बोलणं त्या गल्लीतलंच. तिथं पातेलं असो, हातोडी असो, पाहुण्यांसाठी गादी असो, उसनं देताना असंच म्हणत. आणि दिलेली वस्तू परत मागायची नाही, हा तिथला कडक नियम. मागणं म्हणजे घेणाऱ्याची लाज काढणं. ज्यानं नेलं तो आणून देतोच. तसं बघायला गेलं तर गल्लीत एक पातेलं एकदा एका घरी नातीच्या लग्नापर्यंत राहिलं होतं, पण आलं, घासून लख्ख होऊन आलं.

तेव्हा आईनं मागितलं नाही. वाट बघितली. दाराशी गाडीचा आवाज झाला की ती पदर सारखा करायची. शेवटी आपल्याला पुराल तिथं शेजारची जागा मुलासाठी सोडा, असं सांगून ती गेली.

आत्या एकदाच विद्यापीठात जाऊन आली होती. त्या लांबलचक खोलीत काचेच्या कपाटात तिचा दादा उभा होता, नुसती हाडं, डोक्यावर दिवा. शाळेच्या सहलीतली मुलं एकेक करून कपाटाला पाठ लावून उभी राहत, आणि आपण त्याच्या कुठपर्यंत येतो ते बघून खिदळत. ज्या माणसाला कुणी मान वर करून बघितलं तरी कसंनुसं व्हायचं, त्याला तिथं बसायलासुद्धा जागा नव्हती. आत्या मुलांमागे रांगेत उभी राहिली, आणि तिचा नंबर आला तेव्हा रांग सोडून बाहेर पडली.

मग गल्लीत प्राध्यापकबाई आल्या. विद्यापीठाला वस्तीबरोबर भागीदारी करायची आहे, असं म्हणाल्या. सलूनसमोर माणसं जमली.

"भागीदारी ना?" सलूनवाला म्हणाला. "मग एक दिवस तुम्ही इथं दाढ्या करा, मी तिकडं जाऊन शिकवतो."

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण माझ्या हातून कुणाचा कान गेला तर?"

"जाऊ द्या. इथं तसंही कुणी ऐकत नाही."

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर बाईंनी विचारलं, की आम्ही आजवर इथून पुष्कळ नेलं, आता तुम्हाला आमच्याकडून काय हवंय ते सांगा. कुणी गटार सांगितलं, कुणी दिवे, कुणी मुलांसाठी शिकवणी. आत्या स्टूल घेऊन कडेला बसली होती. तिनं ओठांतला दोरा काढला.

"माझा भाऊ परत द्या."

सलूनवाला तिच्या कानाशी वाकला. "आत्या, अगं असं मागतात का?"

"आईनं नाही मागितलं," आत्या म्हणाली. "बघितलंस ना काय झालं ते."

बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं वचन दिलं नाही, पण त्या दिवसापासून येत राहिल्या. विद्यापीठात कोण काय म्हणालं ते येऊन सांगायच्या. एक जण म्हणाला, तो आता आमचाच झाला, किती पिढ्या त्याच्यावर शिकल्या. एक म्हणाला, एकाला दिला तर उद्या सगळे मागतील. एकदा तर बाई भर उन्हात चालत आल्या आणि म्हणाल्या, "आज काहीच झालं नाही. एवढंच सांगायला आले." आत्यानं त्यांना पाणी दिलं, त्यांच्या चपलेचा तुटलेला पट्टाही शिवून दिला. अशीही माणसं असतात, हे तिला नवीनच होतं.

शेवटी मंजुरी आली. "पण एक विचारायचंय," बाई म्हणाल्या. "तिकडच्यांना पाठवण्याआधी साचा काढून प्लास्टरची नक्कल ठेवायची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ठेवणार नाहीत."

"नाही म्हटलं तरी दादा येणार?"

"येणार. त्याचा याच्याशी संबंध नाही."

आत्यानं हातातल्या जोड्याचा टाका ओढून घट्ट केला. एवढंसं वाक्य. त्या दिवशी खाटेपाशी आईला कुणी हे वाक्य म्हटलं असतं तर.

"मग नाही," ती म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि खरंच पुढं काही बोलल्या नाहीत.

आत्यानं दादाचे ते जुने जोडे पेटीतून काढले. चामडं कडक झालं होतं. तेल चोळून चोळून मऊ केलं आणि राहिलेला तळ लावून टाकला.

आणायच्या दिवशी गल्लीनं सलूनवाल्याच्या देखरेखीखाली एवढी लांब तिरडी बांधली की ती कोपऱ्यावरून वळेना, तेव्हा पाववाल्याच्या दुकानाची पायरी उखडावी लागली. खांदेकरी निवडले तेही दणकट, पुढचे वेगळे, मागचे वेगळे. आणि गाडी आली. बाईंनी आणि ड्रायव्हरनं मिळून एक लाकडी पेटी उतरवली. साधारण एखाद्या माणसाच्या ट्रंकेएवढी. दोघांनीच, न धापा टाकता.

सलूनवाल्यानं गाडीत डोकावून बघितलं. "आणि बाकीचा?"

दोघं-तिघं हसले, पण हसू लगेच विरलं. "आत्या, फसवलं तुला यांनी," तो म्हणाला. "कुणीतरी भलताच गळ्यात मारलाय. आपला शिडी एवढ्यात मावतो होय?" दणकट खांदेकरी एकेक पाऊल मागे सरकले. परक्या माणसाला खांदा कोण देणार?

आत्यानं पेटी दुकानात आणायला सांगितली आणि बाईंना आत घेऊन दार लोटलं. वरच्या फळीवरचं उजवं कलबूत काढलं. पेटीतली पावलाची हाडं कापडात वेगळी बांधली होती. ती तिनं मांडीवर सोडली आणि कलबुतावर एकेक करून लावत गेली, चामडं बसवावं तशी. टाच बसली. चवडा बसला. करंगळी नेमकी ठोकलेल्या तुकड्यापाशी बाहेर वळली. आत्यानं तिच्यावर बोट ठेवलं, आणि मग कितीतरी वेळ ते बोट तिथून उचललंच नाही.

"किती हलका झालाय," ती म्हणाली.

बाहेर सलूनवाल्याचा आवाज चढत होता. आत्यानं कान दिला. आता बाहेर जाऊन सांगायचं तरी काय? तो एवढाच होता असं सांगितलं तर हे लोक ऐकणार नाहीत. ऐकलंच, तर ज्याच्यासाठी ते जमले होते तो शिडीच संपेल, आणि दादा मात्र ड्रायव्हरच्या हातांनी मातीत जाईल, जसा ड्रायव्हरच्या हातांनी आला तसा. आपल्या माणसांचा खांदा त्याला एकदा तरी मिळायला हवा होता. तिनं कापड बांधलं, जोडे पेटीत ठेवले, झाकण लावलं आणि दार उघडलं. जन्मात ती कधी थाप मारायला शिकली नव्हती.

"तोच आहे," आत्या म्हणाली. "आटलाय."

"आटलाय?"

"ओल्या लाकडाचं कलबूत उन्हात ठेवून बघ. काय होतं? आणि हा इतकी वर्षं काचेत, डोक्यावर दिवा. आटेल नाहीतर काय?"

सलूनवाला बाईंकडे वळला. "तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा, हाडं आटतात?"

बाईंनी आत्याकडे बघितलं. त्यांच्या धंद्यात खोटं बोललेलं चालत नाही, आणि त्या बोलल्याही नाहीत. "हे यांचेच भाऊ आहेत," त्या म्हणाल्या. "याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि आम्ही त्यांना तिथं फार एकटं ठेवलं."

"ऐकलंत?" सलूनवाल्यानं मांडीवर थाप मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, खरंखुरं. "एकटेपणानं आटला! अरे बघताय काय, उचला!"

गल्लीनं शिडीला खांदा दिला. सगळ्यांनी, आळीपाळीनं. कोपरा वळेपर्यंत गोष्टीत तो एकटेपणानं आटला होता. पुलापर्यंत तो काचेत रोज रात्री घरच्या वाटेकडे तोंड फिरवायचा आणि सकाळी शिपाई त्याला सरळ करायचे. पूल ओलांडला तेव्हा जिवंतपणी तो इतका उंच झाला होता की ढगांच्या दिवसांत त्याचा चेहरा दिसत नसे. आत्या मागून चालत सगळं ऐकत होती. दादाला एका काचेतून सोडवून आणलं, आणि गोष्टीचं हे दुसरं कपाट तिनं स्वतःच्या हातानं उघडून दिलं होतं. आता पुढची पोरं याला पाठ लावून उभी राहतील.

आईशेजारी खड्डा तयार होता. गल्लीनंच खणलेला, गोष्टीच्या मापाचा, इतका लांब की पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूस ओरडून बोलत होता. त्याच्या एका कोपऱ्यात पेटी ठेवली. सगळे कडेनं उभे राहिले, माना उंच करून बोलत. आत्या मात्र काठावर खाली मातीत बसली, पेटीच्या बाजूला. थोड्या वेळानं बाईही तिच्याशेजारी बसल्या.

"दारातून यायचा तर मान वाकवायचा," आत्या हळूच म्हणाली. "बस. तेवढाच होता. लाजायचा."

"हं."

"कुठं लिहू नका हे."

"नाही लिहिणार."

माती लोटायला सुरुवात झाली. पेटी तर दोन घमेल्यांतच दिसेनाशी झाली. पण खड्डा भरेना. खांदेकरी दमले, बदलले, पुन्हा दमले. उन्हं उतरेपर्यंत सगळी गल्ली त्या रिकाम्या लांबीत माती टाकत राहिली, आणि आत्या पेटी होती त्या कोपऱ्यावर हात ठेवून बसून राहिली.