चवळीखाऊ

"ऊठ, फुसेनी. घाल त्याला शिवी," म्हातारा भाट बाला म्हणाला. "सभा खोळंबलीय."

मशिदीच्या अंगणात एका चटईवर एक पक्ष, समोरच्या चटईवर दुसरा. निवडणूक दोघांनीही जिंकली होती. निदान दोघंही तसं छातीठोकपणे सांगत होते. त्या भांडणात माणसं जिवानिशी गेली. मग राजधानीत एक नेता राष्ट्राध्यक्ष झाला, दुसरा पंतप्रधान, टीव्हीवर गळाभेट झाली आणि आम्हाला हुकूम आला, तुम्हीही समेट करा.

आमच्याकडे समेटाची सुरुवात थट्टेने होते. केता आणि कुलिबाली ही पिढीजात थट्टेची घराणी. एकमेकांना चवळीखाऊ, म्हणजे चवळी खाऊन वारा सोडणारा, म्हणायचं, मयताच्या घरीसुद्धा म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तो माणसातून उठला. फुसेनी केता मोपेड दुरुस्त करतो, समोरच झुमाना कुलिबाली मटण विकतो. उभ्या आयुष्यात दोघांनी एकमेकांना धड नावाने हाक मारली नव्हती.

निकालाच्या दिवशी झुमाना नेहमीसारखा गॅरेजात शिरला. "काय रे चवळीखाऊ, तोंड का पाडून बसलास? तुझा नेता पडला नाही, वाऱ्याने उडाला! चवळी बेताने खा म्हणावं."

आम्ही खो खो हसत होतो. फुसेनीने त्याच्या थोबाडीत मारली.

हसू आमच्या तोंडातच राहिलं. झुमाना गालावर हात ठेवून बघतच राहिला. "मला मारलंस?" एवढंच त्याने विचारलं.

तेव्हापासून फुसेनी गॅरेजचं दार अर्धंच उघडायचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. बायको म्हणाली, "तो नेता काय तुझा सोयरा लागत होता? उद्या मी मेले तर माझ्या जनाज्यापाशी तुला हसवणार कोण?"

आता तो उठला. "ए चवळीखाऊ! तुझ्या आज्याला माझ्या आज्याने पोतंभर चवळी देऊन विकत घेतलं होतं. गुलाम आहेस तू माझा. बसलायस काय असा, ऊठ!"

सगळे झुमानाकडे बघू लागले. त्याने उलटून एक शिवी हासडली असती, तर सगळं मिटलं असतं. फुसेनी ओठ घट्ट मिटून तिचीच वाट बघत होता.

झुमाना उठला. अंगावरचा झगा सारखा करून त्याने छातीवर हात ठेवला.

"सलाम, फुसेनीसाहेब. घरी सगळे खुशाल ना? वहिनींची तब्येत बरी आहे? तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. अल्ला तुमचं भलं करो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी उठून एकमेकांना मिठ्या मारू लागले, कुणीतरी फोटोही काढले. एकट्या बालाने टाळ्या वाजवल्या नाहीत, तो जमिनीकडे बघत बसला. मीही मान वळवली. त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो, आणि आज मला कुणाच्याच तोंडाकडे बघवेना.

फुसेनी मात्र उभाच होता.

"आहेत, सगळे खुशाल आहेत," तो खालमानेने म्हणाला. "तुमच्या घरी?"