ठरलं होतं ते काम

लोणच्याच्या बाटल्यांची सगळी लेबलं वल्लरीने तीनलाच हातावेगळी केली होती. तरी ती माऊस हलवतच बसली. सदाशिव पेठेतल्या त्या छोट्या डिझाइन स्टुडिओत मोकळा हात दिसला की त्यात दुसरं काम पडे, आणि तिला तर चारला निघायचं होतं. हातातलं काम पूर्ण झालं तर चारला जा, असं मालक केयूर सरांनी या महिन्यापुरतं कबूल केलं होतं.

तिची मुलगी सृष्टी अडीच वर्षांची. तापातून उठल्यापासून चारला इतर मुलं निघाली की ती पाठीला दप्तर लावून पाळणाघराच्या दाराशी उभी राहते, असं तिथल्या मथुराबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून वल्लरी सारखी घड्याळाकडे बघायची.

दुपारीच गिऱ्हाइकाने लोगो बदलला होता. वल्लरीने तो आधीच 'सिम्बॉल' करून ठेवलेला. मूळ चित्र एक, लेबलांवर त्याच्या प्रती; मूळ बदललं की साऱ्या प्रती बदलतात. शेजारची उत्कर्षा मात्र मसाल्याच्या पुड्यांवरचे लोगो एकेक करून बदलत होती. जुना पुसायचा, नवा चिकटवायचा, मापात ओढायचा.

"ताई, हा तिरका दिसतोय का?"

"किंचित. आणि वरचा जुनाच राहिलाय."

उत्कर्षाने कपाळाला हात लावला. मागच्या वेळी अशाच चुकीवर सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आपण डोळे घरी ठेवून येता वाटतं?" त्या दिवशी पोरीने डबा उघडला नव्हता.

सोपी पद्धत दाखवत बसलं, तर आपलं काम कधीच संपलंय हे सरांना कळणार.  तरी वल्लरीने खुर्ची ओढली. "सरक जरा."

जुने लोगो एकदम निवडून पुसले. नव्याचं सिम्बॉल केलं आणि सगळ्या पानांवर एकाच जागी पेस्ट करायची आज्ञा दिली. क्षणात साऱ्या पुड्यांवर नवा लोगो आला.

"एवढंच?" उत्कर्षा म्हणाली. "आणि त्यांनी परत बदलला तर?"

"मूळ बदलायचं. पण नंतर प्रत्येक पान डोळ्यांखालून घालायचं. ते काही कुणी आपोआप करत नाही."

मागे केयूर सर चहाचा कप घेऊन उभे होते. "म्हणजे वल्लरीबाई, तुमची लेबलं झाली."

"झाली, सर."

"मग मिठाईच्या बॉक्सचं डिझाइन घ्या की."

"उद्या घेते. आज चारला निघायचं ठरलंय."

"काम पूर्ण झालं तर."

"ठरलेलं काम झालंय. बॉक्स ठरला नव्हता."

उत्कर्षा स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसली. सरांनी चहाचा घोट घेतला, तिच्या पुड्यांवरून नजर फिरवली. "बरोबर आहे," ते वल्लरीकडे वळून म्हणाले. "उद्या दहाला हे मलाही दाखव. आणि चारला जा. महिना संपला तरी."

वल्लरी धावतच पाळणाघरात पोचली. दाराशी कुणी नव्हतं. आत सृष्टी खेळातल्या पातेल्यात चमचा ढवळत बसली होती.

"चल, बाळा."

"आत्ता नाही. भाजी व्हायचीय."

वल्लरी चपला काढून तिच्याजवळ जमिनीवर बसली. "होऊ दे," ती म्हणाली. "मला वेळ आहे."