दातांच्या दवाखान्यातली दुसरी तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. पाच जणांच्या एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा दुसरा अल्बम माझ्या अंगावर कोरलेला आहे. या संगीतात गाणं तीन मिनिटांत आटपत नाही. ते रमतगमत निघतं, वाटेत ऑर्गनशी गप्पा मारतं, बासरीच्या मागे जातं, ड्रमशी भांडतं आणि कधीकधी वीस मिनिटांनी घरी परततं. आमच्या पाच जणांनी असे आठ अल्बम केले. मला त्यांचा फार अभिमान आहे.

गरम साच्यात दाबून मला घडवलं, कव्हरात घातलं आणि दुकानात पाठवलं. हातोहात फिरत मी जुन्या सामानाच्या दुकानात आले. तिथून दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलाने मला उचललं. त्याने मला इतकं वाजवलं की शेजारी कंटाळले. माझ्यामुळेच त्याला बँडचं वेड लागलं आणि उरलेली सात भावंडं घरात आली.

त्यातला चौथा अल्बम म्हणजे आमच्या घराण्याचा मुकुट. एक अख्खी बाजू एकच गाणं. मध्येच सगळं शांत होतं, आणि मग ड्रम असे कोसळतात की माझाही ऊर भरून येतो. त्याच्यापुढे मी कोण? पुढे तो मुलगा डॉक्टर झाला. डॉक्टरांचे मित्र मला बाळबोध म्हणायचे. हळूहळू डॉक्टरही तसंच म्हणू लागले आणि मी कपाटाच्या तळाशी गेले.

दवाखाना थाटल्यावर आम्ही सगळे तिथल्या कपाटात राहायला आलो. खुर्चीत बसेल त्याला डॉक्टर चौथा अल्बम ऐकवायचे. सुरुवात करावी तर इथूनच, असा त्यांचा हट्ट होता. तोंड उघडं असलेला माणूस तक्रार तरी कशी करणार?

एकदा त्यांच्या ताईची दाढ किडली. आईच्या मागे तिनेच डॉक्टरांना वाढवलेलं, पण दातांच्या खुर्चीला ती जाम घाबरायची. दुखणं अंगावर काढून काढून गाल सुजला. दाढेखाली पू झाला होता, आणि तो जबड्यात पसरला तर जिवावर बेतलं असतं. कशीबशी ती खुर्चीत बसली. आता ताईलाही आपला बँड ऐकवता येईल, म्हणून डॉक्टर खूश. त्यांनी चौथा लावला. भुलीची सुई जवळ आली, संगीत शांत झालं आणि नेमके तेव्हाच ड्रम कोसळले. ताई ताडकन उठली आणि गळ्यातल्या रुमालासकट थेट रस्त्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सुजेने तिचा डोळा मिटत आला होता. ती दारात येऊन उभी राहिली, पण आत पाऊल टाकेना. डॉक्टर घाईघाईने सांगू लागले, तिसरा जरा कमी आदळआपट करतो, पाचवा लांबलचक आहे, सहाव्यात ड्रम उशिरा येतात.

ताईने गालावर हात दाबला. "तुझं पुराण पुरे. तुला स्वतःला हे आवडायला लागलं ते कुठून, तेवढं सांग."

डॉक्टर कपाटापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. किती वर्षांनी त्यांचा हात लागला होता! मला रडूच आलं असतं.

माझी सुरुवात एकट्या गिटारीने होते. मागून बासरी येते. ड्रम येतात तेही झोपलेल्या माणसाच्या खोलीत पाऊल वाजू न देता शिरावं तसे. गिटार ऐकत ताई आत येऊन बसली. खुर्चीचे हात तिने घट्ट धरले होते. बासरी आली तशी तिची बोटं सैलावली. सुई टोचली, हत्यारं वाजली, ती हलली नाही. माझी बाजू संपायच्या आत दाढ निघाली होती.

"झालं ताई. ऊठ आता," डॉक्टर म्हणाले.

ताई उठली नाही. तोंडात कापसाचा बोळा होता, बोलता येत नव्हतं. तिने हात वर केला आणि तळवा सावकाश उलटा केला. डॉक्टरांनी हातमोजे काढले, हात धुतले आणि माझी दुसरी बाजू लावली.

मित्रांनो, आमच्यावर धूळ साचू देऊ नका, आम्हाला कडेनेच धरा. आणि आपल्या आवडीचं काही दुसऱ्याला द्याल, तेव्हा सगळ्यात मोठं तेच उचलू नका. ज्या लहानशा गोष्टीने तुम्हाला हात धरून आत नेलं, तिची लाज वाटू देऊ नका. ती कपाटाच्या तळाशी असेल. तिला वर काढा.