प्रदर्शनातला गलेफ

प्रदर्शनातल्या त्या टेबलापुढं शिफा जागीच थांबली. टेबलावर पिराचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, पसरला होता, हिरवा, जरीच्या काठाचा, आणि त्याला टाचणीनं नंबर लावलेला. उरुसाला मानाचा पहिला गलेफ गावचे हिंदू मानकरी नाथाजी आबा यांच्या घरातून त्यांच्याच डोक्यावरून निघायचा आणि पिराच्या कबरीवर चढायचा. तो चढल्याबिगर गावात दुसऱ्या कुणाचा चढत नसे. आणि उरूस होता आजच!

सांगलीला आणला कुणी, तर आबांच्याच नातवानं, शिवतेजनं. कॉलेजात शांतता शिक्षणाचा कोर्स निघाला आणि त्यात हा गडी पहिला. बंधुभावावर बोलायला लागला की मॅडम डोळे पुसायच्या. सलोख्याच्या प्रदर्शनात गावची रीत मांडायची म्हणून यानं गलेफच उचलला, वर शिफाला डोक्यावर ओढणी घेऊन शेजारी उभं राहायला सांगितलं. फोटोत बरं दिसतं म्हणे. डोंबल!

तिकडं तिचे आजोबा, दर्ग्याचे मुजावर शमशेर, सकाळपासून वाट बघत पायरीवर बसलेले. तिनं शिवतेजला बाजूला घेतलं आणि दुपारच्या आत गलेफ घरी पोचव म्हणून विनवलं.

"यंदा दर्ग्यात न्यायचाच न्हाई असं ठरलंय," फोनमधून मान वर न काढता तो म्हणाला. "गावात आमच्या पोरांच्या बैठकीत मीच म्हनलो तसं. कोर्सचं येगळं, गावचं येगळं."

तिला त्याची शिसारी आली. वर्षभर याच्या भाषणांना आपणही टाळ्या वाजवल्या, याची तर जास्तच. तिनं टाचणी उपटली, गलेफ घडी करून छातीशी धरला आणि मॅडम हाका मारत राहिल्या तरी गावची एसटी गाठली. सरळ दर्ग्यात नेला असता, पण तो मान तिचा नव्हता. गलेफ आबांच्या दारातूनच निघायला पाहिजे होता.

आबा सोप्यात बसले होते. तिनं घडलेलं सगळं सांगितलं आणि गलेफ त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आबा, उठा आता. आजोबा वाट बघत्यात."

म्हाताऱ्यानं जरीवरून हात फिरवला. डोळे भरून आले, पटका सारखा केला. शिफाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात नातवाचा फोन आला. आबांनी ऐकून घेतलं, दोनदा हूं म्हणाले आणि गलेफ तिच्याकडं सरकवला.

"परत नेऊन ठिव, पोरी. परीक्षक आल्यात म्हनं. त्याचं मार्क जातील."