मुक्याचं पाणी

धाकटा दीर फावडं घेऊन तिच्या शेताच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मक्याच्या कणसांत दाणा भरत होता. आज पाणी चुकलं, तर पुढच्या पाळीपर्यंत रानात नुसता कडबा उरणार होता.

पाटाची रीत साधी. पाणीवाला काठावरून नावाने हाळी द्यायचा. जो ओ देईल, पाणी त्याचं. तिचा नवरा जन्माचा मुका, आणि गाव त्याला मुक्याच म्हणायचं. हाळी मुक्याच्या नावाची, ओ बायकोची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याच्या वाटचं सगळं तीच बोलायची, भांडायचीसुद्धा. तो बांधावर बसून हसायचा. पावसाळ्यात तो गेला आणि हिचं बोलणंच आटलं.

"वहिनी, तुम्ही घरी जा," दीर म्हणाला. "भावाचं पाणी भावाकडे येतं. तुमचं इथे कोण आहे आता?"

"भाऊजी, रान मी कसलंय."

"कसलंत ना? पण ओ घरच्या माणसाने द्यायची असते."

बांधावर जमलेली माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. जिच्या तोंडाला गाव भ्यायचं, तिच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

पाणीवाला म्हातारा घुटमळला. मेलेल्या माणसाला हाळी द्यायची तरी कशी? पण या रानाचं दुसरं नाव त्याला ठाऊकच नव्हतं.

"मुक्याऽऽ!"

दिराने तोंड उघडलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. कडक इस्त्रीत वावरणारा, चारचौघांत भावाची ओळखसुद्धा न दाखवणारा हा माणूस. आता सगळ्यांदेखत त्याच नावाला ओ द्यायची? त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ओऽऽ!" ती अशी ओरडली की मक्यातली पाखरं उडाली. "मी आहे! ओऽऽ!"

पाणीवाल्याने तिच्या रानाकडचं पाणी अडवणारी फळी उचलली.

"हे चालायचं नाही!" दीर तडतडला.

"मग द्यायची होतीस की ओ," म्हातारा म्हणाला. "तुझं तोंड कुणी धरलं होतं?"

सरीसरीने पाणी फिरवताना ती हमसून हमसून रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या पाळीला म्हाताऱ्याने जरा विचार केला आणि हाळी दिली, "मुकेऽऽ!"

बांधावर हशा पिकला. गावात एवढी बडबडी बाई दुसरी नव्हती. तिने पदर खोचला, फावडं उचललं आणि खणखणीत ओ दिली.